करंगळीला मुंग्या, पकड ढिली? दुखणे कोपरातल्या नसेचे असू शकते. हात वाळण्याआधी तपासून घ्या

सकाळी उठल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर झालेलं असतं. हात झटकला की थोड्या वेळात बरं वाटतं. 'अंगाखाली हात आला असेल' म्हणून बरेच जण विषय सोडून देतात. पुढे मुंग्या दिवसाही येऊ लागतात. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, विळ्याची मूठ सैल पडते, गाईची धार काढताना एक हात लवकर थकतो. तेव्हा कुठे दवाखाना आठवतो.

कोपरात नस दबल्याने हा त्रास होतो. डॉक्टर याला क्युबिटल टनेल सिंड्रोम म्हणतात. हातातली नस दबण्याच्या आजारांमध्ये मनगटातल्या नसेचा पहिला नंबर लागतो आणि कोपरातल्या या नसेचा दुसरा. सुरुवातीलाच ओळखला तर बऱ्याच रुग्णांना सवयी बदलूनच आराम पडतो, ऑपरेशनची गरज लागत नाही. पण हाताचं मांस वाळायला लागल्यावर ऑपरेशन केलं तरी गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून यात सगळा खेळ वेळेचा आहे.

ही नस कुठून कुठे जाते?

इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे. मेंदूचा निरोप हाताला आणि हाताची संवेदना मेंदूला पोचवणारी ही तार आहे, वायरीसारखी. हिचं नाव अल्नर नर्व्ह. मानेच्या खालच्या भागातून निघून ती दंडाच्या आतल्या बाजूने खाली येते. कोपराला हाताची दोन हाडं लागतात, एक मागचं टोक आणि दुसरं आतल्या म्हणजे बरगडीकडच्या बाजूचं उंचवट्यासारखं हाड. या दोघांच्या मधल्या खाचेतून नस पुढे हातात उतरते.

कोपर कुठे आपटला की करंगळीपर्यंत 'करंट' बसतो, हा अनुभव सगळ्यांना आहे. तो करंट याच नसेचा. या खाचेत नसेवर मांसाचं किंवा चरबीचं फारसं पांघरूण नसतं. खाली हाड, वर पातळ पडदा आणि कातडी एवढंच. शिवाय कोपर वाकवला की खाचेवरचा पडदा ताणला जातो, आतली जागा कमी होते आणि नसही ताणली जाते. कोपर सरळ केला की पुन्हा मोकळी होते. थोडा वेळ वाकवल्याने काही बिघडत नाही. तासन् तास वाकलेला राहिला तर मात्र नसेचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि मुंग्या सुरू होतात.

या नसेची कामं दोन. करंगळी आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला, तसंच तळहाताच्या व हाताच्या मागच्या त्याच बाजूला संवेदना देणं हे पहिलं. हातातले बारीक स्नायू चालवणं हे दुसरं. बोटं फाकवणं, जुळवणं, अंगठ्याने चिमूट घट्ट धरणं हे सगळं तिच्यावर चालतं. म्हणून ही नस गेली की हाताचं बारीक काम जातं.

कोणाला जास्त त्रास होतो?

- रात्री कोपर पूर्ण मुडपून, हात उशीखाली किंवा गालाखाली घेऊन झोपणाऱ्यांना
- मोबाईल कानाला लावून बराच वेळ बोलणाऱ्यांना, आडवं पडून कोपर वाकवून व्हिडिओ पाहणाऱ्यांना
- दुकानाच्या काउंटरवर, टेबलावर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर किंवा गाडीच्या खिडकीवर कोपर टेकवून बसणाऱ्यांना
- कोपर सतत वाकवून-सरळ करून जोर लावायचं काम करणाऱ्यांना. ऊसतोड, कुऱ्हाड, हातोडा, भारा उचलणं अशी कामं
- ज्यांचा कोपर पूर्वी मोडला आहे किंवा सांधा झिजून हाड वाढलं आहे त्यांना
- शुगर असलेल्यांना, कारण त्यांच्या नसा आधीच नाजूक झालेल्या असतात

आजारपणात खूप दिवस अंथरुणावर पडलेल्या माणसाचा कोपर गादीवर किंवा खाटेच्या कडेवर दाबून राहिला तरी हेच होतं. घरात असा रुग्ण असेल तर कोपराखाली मऊ कापडाची घडी ठेवावी.

कोणतं बोट बधिर आहे, ते नीट पाहा

'हाताला मुंग्या येतात' एवढंच डॉक्टरांना सांगून भागत नाही. कोणत्या बोटाला, ते महत्त्वाचं. कापसाची वात करून दोन्ही हातांच्या बोटांवरून हलकी फिरवून पाहावी.

- करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू, आणि हाताच्या मागचीही तीच बाजू बधिर: कोपरातल्या नसेची शंका.
- तीच बोटं, पण हाताच्या मागची बाजू शाबूत: नस मनगटाजवळ दबलेली असू शकते. सायकलचं हँडल किंवा अवजाराची मूठ तळहाताने दाबून धरणाऱ्यांत हे दिसतं.
- अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट: ही मनगटातली दुसरी नस, म्हणजे कार्पल टनेल.
- करंगळीसोबत कोपर ते मनगट आतली बाजूही बधिर, मान वळवली की कळ वाढते: दुखणं मानेत असू शकतं.
- दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरुवात होऊन मग हात: शुगर किंवा जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता तपासावी.

डाव्या करंगळीला मुंग्या आल्या की अनेक जण हार्ट अटॅकच्या भीतीने घाबरतात. कोपर वाकवल्यावर येणाऱ्या आणि सरळ केल्यावर जाणाऱ्या मुंग्या सहसा नसेच्याच असतात. पण छातीत दडपण, घाम, दम लागणं यासोबत हात भरून आला असेल किंवा अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर कोपर-बिपर पाहत बसू नये. ताबडतोब १०८ ला फोन करावा.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या खांद्यात रात्रंदिवस कळ असेल, करंगळीकडची बाजू बधिर होत असेल, वजन उतरत असेल किंवा त्याच बाजूची पापणी खाली आली असेल, तर छातीचा एक्स-रे आधी काढावा. फुप्फुसाच्या वरच्या टोकाची गाठसुद्धा ही नस दाबू शकते.

घरी पाहता येतील अशा पाच खुणा

१. कोपर वाकवून पाहणे: दोन्ही कोपर पूर्ण वाकवून, मनगटं मागे वळवून एक मिनिट तसेच धरा. ज्या हाताच्या करंगळीला मुंग्या येतात किंवा वाढतात, तिथे शंका घ्यावी.

२. कागदाची परीक्षा: अंगठा आणि पहिल्या बोटाची बाजू यांच्यामध्ये, चावी धरतो तसा, कागद धरा. दुसऱ्याला तो ओढायला सांगा. दुखऱ्या हातात अंगठ्याचं टोक पटकन वाकतं आणि टोकाच्या जोरावर कागद धरला जातो. चांगल्या हातात अंगठा सरळ राहतो. डॉक्टर हिला फ्रोमेंटची खूण म्हणतात.

३. बोटं जुळवणे: हात टेबलावर पालथा ठेवून बोटं फाकवा, मग जुळवा. करंगळी शेजारच्या बोटाला चिकटत नाही, बाजूलाच राहते का? खिशात हात घालताना करंगळी अडकत असेल तर तीही हीच खूण.

४. बोटावर बोट चढवणे: मधलं बोट पहिल्या बोटावर चढवून आढी घाला. एका हाताने जमतं आणि दुसऱ्याने जमत नाही, तर बारीक स्नायू कमजोर झाले आहेत.

५. मांसाचा खड्डा: हाताच्या मागच्या बाजूला, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात मांसाचा फुगवटा असतो. दोन्ही हात शेजारी ठेवून उजेडात पाहा. एका हाताचा फुगवटा बसून खड्डा पडला असेल तर उशीर करू नये.

कोपरामागच्या खाचेवर बोटाने टिचकी मारून करंट येतो का, हेही डॉक्टर पाहतात. पण धडधाकट माणसालाही तिथे थोडा करंट येतो. त्यामुळे तेवढ्यावरून आजार ठरत नाही. घरी तिथे ठोकत बसू नये.

पहिली खूण दिसली तर सवयी बदलून वाट पाहता येते. दुसरी ते पाचवी यांपैकी एकही दिसली तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावं.

लहानपणी मोडलेला कोपर, म्हातारपणी वाळलेला हात

झाडावरून, बैलगाडीवरून पडून लहानपणी कोपर मोडला, घरीच चोळून-बांधून बरा केला आणि हाड नीट जुळलंच नाही, असं खेड्यात पुष्कळांच्या बाबतीत घडलेलं असतं. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड न जुळता राहिलं तर मूल वाढेल तसा हात कोपरापासून बाहेरच्या बाजूला तिरका होत जातो. मग आतल्या बाजूची नस धनुष्याच्या दोरीसारखी ताणली जाते. दुखत काही नाही, काम चालू राहतं. दहा, वीस, तीस वर्षांनी मात्र करंगळी बधिर व्हायला लागते. जुन्या दुखापतीचा संबंध तेव्हा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

म्हणून दोन गोष्टी. ज्यांचा कोपर असा तिरका आहे त्यांनी मुंग्या सुरू होताच जुनी दुखापत डॉक्टरांना आवर्जून सांगावी. आणि आज कुणा पोराचा कोपर आपटून सुजला तर हाडवैद्याकडे चोळायला न नेता त्याच दिवशी एक्स-रे काढावा. कोपर चोळल्याने हाड जुळत नाही, उलट नुकसान होतं.

अंगावर बधिर चट्टा असेल तर

आपल्या भागात हा मुद्दा सोडून चालत नाही. कुष्ठरोगात सर्वात जास्त वेळा सापडणारी नस हीच, कोपराजवळची. त्यात नस कोपराच्या थोडी वर दोरीसारखी जाड हाताला लागते. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असतो आणि त्या चट्ट्यावर स्पर्श, गरम-गार कळत नाही. हातापायाला जखमा होतात पण दुखत नाहीत.

अशा वेळी ही 'नुसती दबलेली नस' समजून पट्टा लावत बसलं तर हात वाकडा होण्याची वेळ येते. करंगळी आणि अनामिका आत मुडपतात आणि सरळ होत नाहीत. कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, आजाराच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्याव्या लागतात. नसेची ताकद जाऊन ६ महिने झाले नसतील तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइडच्या गोळ्या देऊन ती परत येण्याची चांगली शक्यता असते. हेही पुन्हा वेळेचंच काम. लाजेने लपवण्यात हात जातो. गावातल्या आशाताईंना सांगितलं तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीची सोय होते.

डॉक्टर काय तपासतात?

आजार बराचसा हात पाहून, विचारपूस करूनच ठरतो. त्यानंतर गरजेप्रमाणे:

- एक्स-रे: जुना मोड, वाढलेलं हाड, तिरका सांधा दिसतो.
- एनसीव्ही: नसेला हलका करंट देऊन निरोप किती वेगाने जातो ते मोजतात. कोपराजवळ वेग सेकंदाला ५० मीटरच्या खाली आला किंवा कोपराखालच्या भागातल्या वेगापेक्षा १० मीटरहून जास्त घटला, तर नस तिथे दबल्याचं समजतात. सुरुवातीच्या आजारात ही तपासणी नॉर्मलही येऊ शकते.
- सोनोग्राफी: नस सुजली आहे का, गाठ आहे का, कोपर वाकवताना नस जागेवरून सरकते का, हे दिसतं.
- रक्त: शुगर, थायरॉइड, बी-१२.

मानेचा एमआरआय प्रत्येकालाच लागत नाही. मानेची लक्षणं असतील तरच त्यावर खर्च करावा.

पहिले तीन महिने: सवयी हेच औषध

ताकद शाबूत आहे, मांस वाळलेलं नाही, मुंग्या येतात-जातात, अशा रुग्णांना सहसा दीड ते तीन महिने पुढील उपाय करायला सांगतात.

रात्री कोपर सरळ ठेवणं सर्वात महत्त्वाचं. झोपेत आपण हात कसा ठेवतो ते आपल्या हाती नसतं, म्हणून अडथळा लागतो. जुना जाड टॉवेल कोपराभोवती गुंडाळून वर सैल पट्टी बांधावी. कोपर पूर्ण वाकता कामा नये, एवढंच पाहायचं. थोडासा वाकलेला राहिला तरी चालतो. आवळून बांधू नये, बोटं थंड किंवा निळी पडली तर लगेच सोडावं. मेडिकलमध्ये तयार पट्टेही मिळतात.

दिवसा कोपर कडक जागेवर टेकवू नये. मोबाईलवर बोलताना स्पीकर किंवा इअरफोन वापरावा. कोपर वाकवून करायच्या कामात दर अर्ध्या तासाने हात सरळ करून दोन मिनिटं मोकळा सोडावा. जड काम हात आळीपाळीने बदलून करावं.

नस सरकती ठेवण्याचे हलके व्यायाम असतात, ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावेत. मोबाईलवर पाहून जोराने ताण देऊ नये, मुंग्या वाढतात.

गोळ्यांबाबत स्पष्ट सांगायचं तर, दुखणं कमी करणाऱ्या गोळीने काही दिवस आराम पडतो, पण दाब हटत नाही. बी-१२ कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं. पण दबलेली नस नुसत्या 'ताकदीच्या' इंजेक्शनने सुटत नाही. सहा-सहा महिने अशी इंजेक्शनं घेत राहणं म्हणजे हातचा वेळ घालवणं. मनगटातल्या नसेला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात तसं कोपरात नेहमी देत नाहीत. इथे त्याचा खास फायदा दिसलेला नाही.

हे करू नका

- कोपरामागच्या खाचेवर जोराने मालिश, दाबून 'नस मोकळी करणं', डाग देणं
- बधिर बोटांनी गरम तवा, चुलीतलं लाकूड, चहाचं पातेलं धरणं. चटका कळत नाही आणि जखम खोल जाते. पाण्याचा अंदाज दुसऱ्या हाताने घ्यावा.
- पकड ढिली असताना कडबा कुट्टी, कोयता, ब्रश कटर चालवणं
- पोटरीच्या पट्ट्यासारखा घट्ट इलॅस्टिक पट्टा दिवसभर कोपरावर चढवून ठेवणं

ऑपरेशन केव्हा?

तीन महिने नीट काळजी घेऊनही फरक नाही, बधिरपणा चोवीस तास राहतो, ताकद कमी झाली, मांस वाळू लागलं किंवा एनसीव्हीमध्ये नसेचं नुकसान वाढलेलं दिसलं, तर ऑपरेशनचा सल्ला देतात. हाडांचे डॉक्टर, प्लास्टिक सर्जन किंवा न्यूरोसर्जन ते करतात.

साधा प्रकार म्हणजे खाचेवरचा आवळलेला पडदा कापून नस जागेवरच मोकळी करणं. दुसऱ्या प्रकारात नस खाचेतून काढून कोपराच्या पुढच्या बाजूला आणतात, म्हणजे वाकवताना ती ताणली जात नाही. सरळ कोपरात नस फक्त दबलेली असेल तर दोन्हींचा गुण साधारण सारखाच येतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. साध्या प्रकारात जखमेच्या तक्रारी कमी असतात. कोपर तिरका असेल, नस जागेवरून सरकत असेल किंवा पहिलं ऑपरेशन फसलं असेल तर दुसरा प्रकार निवडतात. म्हणून 'माझ्याच बाबतीत हा प्रकार का?' असं डॉक्टरांना जरूर विचारावं.

बोटं त्याच दिवसापासून हलवायची असतात. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात. हलकी कामं काही आठवड्यांत जमतात. ओझं उचलणं, कुऱ्हाड, नांगरटीची कामं दीड ते तीन महिने टाळावी लागतात. हंगाम पाहून तारीख ठरवावी, पण हात वाळत असेल तर सुगी संपायची वाट पाहू नये. जखमेत पू होणं, व्रण दुखरा राहणं, कोपराभोवती थोडी कातडी बधिर होणं, क्वचित त्रास पुन्हा उद्भवणं, हे धोकेही आधीच समजून घ्यावेत.

उशीर का महाग पडतो?

नसेच्या आतले तंतू मेले की ते पुन्हा वाढतात, पण वेग दिवसाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला साधारण एक इंच. कोपरापासून हातातल्या बारीक स्नायूंपर्यंतचं अंतर मोठ्या माणसात साधारण २५ ते ३० सेंटिमीटर. म्हणजे आज नस मोकळी केली तरी तंतू तिथवर पोचायला दहा महिने ते वर्ष लागतं. इकडे निरोप न मिळालेला स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होऊ लागतो. दोन वर्षं अंगावर काढून आलेल्या माणसाची नस पोचते, पण तिला हलवायला स्नायू उरलेला नसतो.

म्हणूनच खूप उशिरा केलेल्या ऑपरेशनचा हेतू नुकसान पुढे वाढू न देणं एवढाच असतो. कळ आणि मुंग्या कमी होतात, पण बेचक्यातला खड्डा भरून येईलच असं नाही. हात फारच कमजोर राहिला तर दुसऱ्या चांगल्या स्नायूची दोरी फिरवून बोटांना आधार देण्याचं ऑपरेशनही असतं. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जावं लागतं.

कुठे दाखवावं?

सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालयातून करावी. शुगर आणि चट्ट्यांची तपासणी तिथेच करून मागावी. पुढे हाडांच्या डॉक्टरसाठी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय आणि एनसीव्हीसाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय इथे चिठ्ठी घेऊन जाता येतं. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारावं. रेशनकार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवावं.

जाताना चार गोष्टी लिहून न्या: मुंग्या कधीपासून, नेमक्या कोणत्या बोटाला, कोपर पूर्वी मोडला होता का, आणि हाताचं कोणतं काम आता जमत नाही. एवढं सांगितलं तरी डॉक्टरांना निदानाची अर्धी वाट सापडते.

(ही माहिती सर्वसाधारण जागृतीसाठी आहे. उपचार डॉक्टरांच्या तपासणीनंतरच ठरवावेत.)